प्रकरण चौथे: शिंप्याचा मुलगा

१४ जानेवारी

प्रिय घुबडा,

घर्र, घर्र, घर्र, आणि मग पाणी शिंपडल्यावर सुस्कारा टाकल्यासारखा स्स्स. आमच्या घरातलं भिंगं घासायचं चाक असं वाजायचं. काल दुपारी तुझी प्रुफं तपासताना कित्येक वर्षांनी ते कानात पुन्हा सुरू झालं. बाबा चष्म्याच्या दुकानातून येताना उरलेली भिंगं घरी आणत, मागच्या खोलीचं दार लावून घेत आणि चाक फिरवायला लागत. मी पुढच्या खोलीत कविता पाठ करत बसलेला. चाकाच्या ठेक्यावर ओळी आपोआप चढत. लघु, लघु, गुरू. मध्येच चाक थांबे, आत बाबा आणि धाकटा कशावर तरी खो खो हसत आणि माझी ओळ तुटे. काय दिवस होते रे ते.

असो. म्हातारा माणूस पत्र लिहायला बसला की आधी असा भटकून येतो. तुझ्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची भाषा तपासायचं काम तू माझ्यावर टाकलंस, त्याचा हा अहवाल. पहिली तीन प्रकरणं झाली. तुझी वाक्यं अजूनही धाप लागेपर्यंत पळतात. जिथे जिथे दमलो तिथे तिथे पूर्णविराम दिला आहे. चौथं प्रकरण, 'शिंप्याचा मुलगा', मी चाळलं. त्यात हात घालण्यासारखं काही नाही. जसंच्या तसं जाऊ दे. पाचव्याला उद्या बसतो.

तुझे कान कसे आहेत? आयुष्यभर लोकांचं ऐकून पोट भरलंस आणि आता कानांनीच संप केला. फोन नाही, म्हणून या वयात आपण दोघं शाळेतल्या पोरांसारखे चिठ्ठ्या टाकतो आहोत. मला आवडतं ते.

तुझा,
पोपट

२३ जानेवारी

पोपटा,

पूर्णविराम पोचले. आभार. कान गेले ते गेले.

आता एक विचारतो. दुसऱ्या प्रकरणात तू एका पानावर सात-सात दुरुस्त्या करतोस. चौथ्याच्या बावीस पानांत एकही नाही. शाळेत तू मुख्याध्यापकांच्या सूचनाफलकावरही लाल शाईनं खुणा करायचास. तेव्हा हे मला पटत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. माणूस बोलता बोलता जे सांगून जातो ते टिपणं हाच माझा धंदा. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: चाक थांबे, आत बाबा आणि धाकटा हसत.

बेचाळीस वर्षांपूर्वी तुझ्या धाकट्या भावानं घरी सांगितलं की त्याला पुरुषच आवडतात, आणि तू आणि तुझी आई त्याला माझ्या मनोविकारांच्या दवाखान्यात घेऊन आलात. तो बावीस वर्षांचा होता. तुमचे वडील वर्षभरापूर्वी वारले होते, त्यांना विचारायची सोय नव्हती. म्हणून घरचा वृत्तान्त मी तुझ्याकडून लिहून घेतला. ही माझी पद्धतच होती: रुग्ण आडपडदा ठेवतो, घरातलं शिकलेलं माणूस ठेवत नाही. तू नऊ पानं दिलीस. तिसऱ्या पानावर हे होतं: 'वडील आमच्या घरात दाराआडचा आवाज होते, धाकटा आईच्या श्वासावर वाढला.'

त्या ओळीवर चौथं प्रकरण उभं आहे. आई फार जवळ, बाप फार लांब, की मुलाचं मन पुरुषाकडे वळतं, असं आमच्या शास्त्रातली थोरली मंडळी तेव्हा सांगत होती. मला नमुना हवा होता, तुझ्या ओळीनं तो दिला. ओळख लपवायची म्हणून भिंगवाल्याचा शिंपी केला, बाकी काही बदललं नाही. पुढे ती ओळ मी व्याख्यानांत वापरली, दुसऱ्यांनीही वापरली.

तर मग दाराआडच्या आवाजाबरोबर हसत कोण होतं?

घुबड

१ फेब्रुवारी

प्रिय घुबडा,

तुला एवढंही कळू नये? कवितेत आवाज म्हणजे आवाजच नसतो. आठवीत आपल्याला कविता शिकवणारे गुरुजी आठव. टेबलावर बोटं वाजवून चाल धरायचे आणि म्हणायचे, पोरांनो, सगळं सांगाल तर काहीच उरणार नाही, एक गोष्ट धरा आणि बाकीच्या सोडा. मी तेच केलं. वडील नुकतेच गेलेले, मनात होतं ते ओळीत उतरलं. तू त्याचं शास्त्र केलंस याला मी काय करणार?

आणि बाप एखाद्या संध्याकाळी पोराबरोबर हसला म्हणून काय तो जवळचा होतो? पोस्टमनसुद्धा हसतो.

जुनं उकरून काय मिळणार आहे? धाकटा सुखात असावा. आई गेली तेव्हा मी त्याला कळवलं होतं, त्यावर 'कळवल्याबद्दल आभार' एवढं लिहिलेलं कार्ड आलं. पत्ता अजून तोच असेल. माझ्याजवळ आहे.

पाचवं प्रकरण सोबत पाठवतो आहे. 'तथापि' अकरा वेळा आला आहे, दोन ठेवले.

तुझा,
पोपट

११ फेब्रुवारी

पोपटा,

उरलेले दोन तथापिही काढून टाक.

माळ्यावरची पेटी सून काढून देत नव्हती, पडेन म्हणाली. शेवटी शेजाऱ्याकडून काढून घेतली. धाकट्याच्या बैठकांची वही सापडली. माझ्या हातचं आहे ते जसंच्या तसं उतरवून देतो.

'तिसरी बैठक. म्हणतो, बाबा मला स्टुलावर उभं करून चाक फिरवायला देत. (इच्छा. आठवण म्हणून सांगतो.)'

'सातवी. म्हणतो, बाबा मला बरोबर दुकानात नेत. मोठ्या भावाला नेत नसत. (कल्पित पित्याची उभारणी. प्रतिकार वाढला आहे.)'

'बारावी. रागावला. म्हणाला, तुम्ही दादाचं खरं धरता आणि माझं खोटं. (राग योग्य दिशेनं येतो आहे. सुधारणा.)'

'सुधारणा' या शब्दाखाली मी रेघ मारली आहे.

पोरगं पाच महिने माझ्यासमोर बसून बापाबद्दल सांगत होतं आणि मी प्रत्येक वाक्यापुढे कंस उघडत होतो. का, तर तुझी नऊ पानं माझ्या टेबलावर होती आणि ती सुरेख होती. त्याचं बोलणं ओबडधोबड होतं.

हे आजार म्हणून मानणं आमच्या लोकांनी केव्हाच सोडलं. मीही सोडलं, तोंडानं. प्रकरण मात्र काढलं नाही, कारण पुस्तकात तेच सगळ्यात चांगलं जमलं होतं. आता नव्या आवृत्तीत ते पुन्हा छापायचं की नाही हे तुझ्या उत्तरावर आहे. प्रकाशकाला मार्चअखेर कळवायचं आहे.

गुरुजींचं राहू दे. तू लिहिलेलं खरं होतं का?

घुबड

२५ फेब्रुवारी

प्रिय घुबडा,

खरं होतं. फक्त ते त्याचं नव्हतं, माझं होतं.

दाराआडचा आवाज बाबा माझ्यासाठी होते. दाराच्या आत धाकटा होता. ते त्याला स्टुलावर चढवत, घासलेलं भिंग डोळ्यांसमोर धरून एकमेकांची फुगलेली नाकं बघत आणि हसत. मला त्या खोलीत मज्जाव, कारण माझ्या हातून दोन भिंगं फुटली होती आणि तिसरं फुटता फुटता वाचलं होतं. 'तू आपला तुझ्या कविता घोक,' असं बाबा म्हणत. प्रेमानंच म्हणत असतील.

आईच्या श्वासावर वाढलो तोही मीच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून मी तिला कविता म्हणून दाखवायचो आणि ती भाजी चिरता चिरता मान डोलवायची. धाकटा पाच वर्षांचा असताना विषमज्वरात ती तीन आठवडे त्याच्या उशाशी बसली होती, तेवढीच त्याची वाटणी. तू म्हणालास, घरचं लिहून दे. मी लिहायला बसलो, चाक कानात वाजायला लागलं, आणि नऊ पानं लिहून झाली तेव्हा त्यांत धाकटा कुठेच नव्हता. मला हे तेव्हाच कळलं होतं. पुन्हा लिहावं असंही वाटलं. पण ती ओळ फार छान उतरली होती.

तुझ्या नियमानं आई जवळ आणि बाप लांब असलेला मुलगा मी. मला तीन मुलं झाली आणि बायकोची बोलणी एकेचाळीस वर्षं खाल्ली. नियम माझ्या बाबतीत चुकला हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मला कुणी तुझ्याकडे आणलंच नाही.

अजून एक सांगायचं आहे. धाकटा हे आईला सांगायला गेला नव्हता. तो माझ्याकडे आला होता. आम्ही जिन्यात बसलो होतो. 'दादा, तू कविता वाचतोस, तुला कळेल,' असं म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कळलं म्हणालो. त्याच संध्याकाळी आईला सांगितलं.

पोपट

४ मार्च

पोपटा,

पत्र दोनदा वाचलं. प्रकरण छापायचं नाही, हे ठरलं.

तुझ्यासाठी एक लिहितो, मित्र म्हणून. आमच्या शास्त्रात पुढे दुसरा विचार आला. म्हणे, आजारी कुणाला म्हणायचंच झालं तर पुरुषावर प्रेम करणाऱ्याला नव्हे, त्याचा तिटकारा करणाऱ्याला तपासा. ज्याला ते सोसत नाही त्यानं बहुधा स्वतःतलंच काहीतरी गाडून ठेवलेलं असतं आणि दुसऱ्यात ते दिसलं की तो घाबरतो. तू बापाच्या खोलीबाहेर बसलास, आत जाणाऱ्याचा हेवा केलास. तू आईला सांगितलंस त्या संध्याकाळचं उत्तर त्यात कुठेतरी असेल. माणूस स्वतःला ओळखतो तेव्हा थोडा सुटतो. विचार कर.

आणि एक माहिती हवी. तेव्हा मी तुझ्या आईला एक सांगितलं होतं. मुलापासून अंतर ठेवा. जवळ घेऊ नका, हातानं वाढू नका, विचारपूस करायची ती थोरल्यामार्फत करा. त्यांनी ते किती दिवस पाळलं?

घुबड

१२ मार्च

घुबडा,

तुझा दुसरा विचार मला फार आवडला, म्हणूनच नको आहे. तुझ्या सांगण्याप्रमाणे दोन दिवस प्रामाणिकपणे शोधलं. दुधवाल्याकडे बघितलं, जुन्या वर्गाचा फोटो काढून एकेक चेहरा बघितला. तुझाही बघितला. काही वाटलं नाही, रागावू नकोस. सापडली ती शिक्षकांची खोली. मी मुलांच्या शाळेत नुकताच कायम झालो होतो. मधल्या सुट्टीत त्या खोलीत अशा माणसांवर काय काय विनोद चालायचे, आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसायचं ते मला आठवलं. मीच. आपल्या घरातलं कळलं तर उद्या विनोद आपल्यावर, एवढी साधी भीती. तिच्यात खोल असं काही नाही. एकदा तुझ्या नियमानं सगळा दोष आईवर गेला आणि मी सुटलो. आता दुसऱ्या नियमानं माझ्या आत दडलेल्या कुणावर तरी जाईल आणि मी पुन्हा सुटेन. एवढ्या वेळा सुटणं बरं नाही.

आता आईचं. तू किती दिवस विचारलंस. सोळा वर्षं.

पहिले पाच महिने धाकटा घरात होता. ती ताट वाढून ओट्यावर ठेवायची आणि मला म्हणायची, त्याला सांग. तो समोर उभा असायचा. मग तो गेला, दुसऱ्या गावी चष्म्याच्या कारखान्यात लागला. पाच वर्षांनी त्यानं आईसाठी चष्मा करून पाठवला. नंबर कुणाकडून काढला कोण जाणे, अचूक होता. आईनं तो लावला, खिडकीशी गेली आणि बराच वेळ समोरच्या झाडाकडे बघत राहिली. पानं मोजता येतात म्हणाली. मग काढला, पुसला, खोक्यात ठेवला आणि मला दिला. 'परत पाठव. डॉक्टरांनी सांगितलंय, माझा लळा त्याला बाधतो.'

मी पाठवला. आत एक ओळ घातली असती तर पुरलं असतं. आई तुझ्या बऱ्यासाठी असं करते आहे, एवढीच. घातली नाही. ती घातली असती तर माझी नऊ पानं सांगावी लागली असती.

पुढची अकरा वर्षं ती जुन्याच चष्म्यावर राहिली. शेवटच्या आजारात तिनं मला एकच विचारलं, 'आता बरा झाला असेल ना रे तो?' मी हो म्हणालो.

धाकटा आता चौसष्ट वर्षांचा आहे. आईनं आपल्याला टाकलं असंच त्याला वाटतं. दुसरं कळायला त्याला कारणच मिळालेलं नाही. मला हे त्याला सांगायचं आहे. पण माझ्या शब्दावर तो विश्वास का ठेवील? तू लिहून दे, डॉक्टर म्हणून, की आईला तू काय सांगितलं होतंस.

पोपट

१९ मार्च

पोपटा,

सोबत धाकट्याला पत्र आहे. आईला दिलेला सल्ला, तो कोणत्या तारखेला दिला, कशावरून दिला आणि तो चूक होता, एवढंच लिहिलं आहे. वहीतल्या नोंदींच्या नकला जोडल्या आहेत, कंसांसकट. माफी शेवटी आहे, एका ओळीत. जास्त लिहिली असती तर ती माझ्यासाठी झाली असती.

प्रकाशकाला कळवलं. चौथं प्रकरण काढलं. त्या जागी दोन पानं असतील, ते का काढलं याची. प्रकाशक कुरकुरला, पुस्तकाचा प्राणच गेला म्हणाला. जाऊ दे.

सोळा वर्षं हे मला माहीत नव्हतं. मी 'काही काळ' असं म्हणालो होतो. माझ्या वहीत तसंच आहे. त्या माउलीला कुणी 'आता पुरे' म्हणायला हवं होतं, आणि ते काम माझं होतं. धाकट्यानं येणं बंद केलं तेव्हा मी वही बंद केली.

तुझं पत्रही बरोबर घाल. माझ्या पत्रातली भाषा तपासू नकोस.

घुबड

२७ एप्रिल

प्रिय घुबडा,

तुझं पत्र आणि माझं, दोन्ही एका पाकिटात घालून २४ मार्चला टाकली. माझं चार वेळा लिहिलं. पहिल्या तीन खेपांना छान जमलं म्हणून फाडलं. चौथं शाळेतल्या तक्रारअर्जासारखं झालं, ते पाठवलं.

महिना होऊन गेला. उत्तर नाही. पाकीट परतही आलं नाही. पोस्टमनला रोज विचारतो, तर काल तो म्हणाला, आजोबा, तुमचं पत्र आलं की मी हाक मारीन, तुम्ही जिन्यात बसू नका, गार असतं. सुनेला वाटतं मी बिलाची वाट बघतो आहे. रोज वेगळं कारण सुचतं. पत्ता बदलला असेल. आजारी असेल. वाचून फाडलं असेल, आणि फाडलं तर त्याचा हक्कच आहे. पण निदान वाचलं तरी असेल, आईचं त्याला कळलं असेल, एवढ्यावर मी दिवस काढतो. तुझी दोन पानं छापून आली की मला

थांब. दार वाजतं आहे.

आलो. घाईत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे. दारात एक माणूस उभा आहे, साठीचा, उंच. नखांत डिंक वाळलेला, कानावर पेन्सिल तशीच. मला वाटलं, खिडकीच्या चौकटीसाठी सुनेनं कुणाला बोलावलं असेल. म्हटलं, सूनबाई बाहेर गेल्या आहेत. तो म्हणाला, "मी तुमच्याकडेच आलोय. मी सुतार. तुमच्या भावाबरोबर राहतो, सव्वीस वर्षं झाली."

मी त्याला आत ये म्हणायचंही विसरलो. त्यानं पिशवीतून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. माझंच. फोडलेलं नाही.

"महिनाभर टेबलावर पडलंय," तो म्हणाला. "रोज जेवताना तो ते बाजूला सरकवतो आणि जेवण झालं की परत जागेवर ठेवतो. फेकत नाही, उघडतही नाही. मी म्हटलं, वाच तरी. म्हणाला, दादानं माझ्याबद्दल लिहिलेलं मी एकदा पुस्तकात वाचलंय, ते जन्माला पुरलं."

त्यानं ते प्रकरण वाचलं होतं, घुबडा. पहिली आवृत्ती आली तेव्हाच. शिंप्याला त्यानं लगेच ओळखलं.

मी सुताराला विचारलं, त्यानं तुम्हाला पाठवलं का? नाही म्हणाला, तो त्याच्या चष्म्याच्या दुकानात आहे, मी लाकूड बघायला जातो असं सांगून निघालोय. यात काय आहे ते मला माहीत नाही, पण चांगलं असेल तर तुम्ही चला आणि समोर बसून सांगा, आणि वाईट असेल तर आत्ताच सांगा, मी पाकीट चुलीत घालतो. मी म्हणालो, त्याच्या आईचं आहे. मग त्याला चष्म्याचं सांगितलं, तिथेच, उभ्या उभ्या. चष्मा त्याला ठाऊक होता. त्यांच्या कपाटात आहे म्हणे. तो का परत आला हे ठाऊक नव्हतं. ऐकून त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि खिशात ठेवली.

मग म्हणाला, "पाकीट इथंच ठेवा. कागद घेऊन याल तर तो उठून जाईल."

मी म्हणालो, मला कागदाशिवाय कधी बोलता आलेलं नाही. आणि त्यानं मला बघूनच हाकलून दिलं तर?

"तर दोघं परत येऊ," सुतार म्हणाला. "गाडी तासाभरात आहे. चपला घाला."

सुनेसाठी आणि तुझ्यासाठी चिठ्ठी लिहायला दहा मिनिटं मागून घेतली, ती संपत आली. आत बस म्हटलं तर बसत नाही, दारातच उभा आहे.

पोपट